बर्लिन सोडून गेलेला बँड: टोन श्टाइने शेर्बेन

१९७५ साली पश्चिम बर्लिनमधल्या एका रॉक बँडने आपलं बिऱ्हाड उचललं आणि थेट डेन्मार्कच्या सीमेजवळ, फ्रेझेनहागेन नावाच्या वस्तीतल्या गवती छपराच्या जुन्या शेतघरात नेऊन टाकलं. एरवी यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. शहराला विटलेले कलावंत त्या दशकात युरोपभर खेड्यांची वाट धरत होते. पण हा बँड होता टोन श्टाइने शेर्बेन. त्यांची गाणी क्रॉयत्सबेर्ग या कामगारवस्तीची होती. तिथला चौक, तिथली भाडेवाढ, तिथले बिल्डर आणि पोलीस, सगळं नावानिशी त्या गाण्यांत होतं. रिकामी घरं ताब्यात घेणारी पोरं हीच गाणी म्हणत आत शिरायची. अशा बँडने बर्लिन सोडणं त्याच्या चाहत्यांना पळपुटेपणा वाटलं, आणि तसं तोंडावर म्हणायलाही कोणी कचरलं नाही.

त्यांना कोणी हाकललं नव्हतं. पोलिसांचे छापे पडत होते, रेडिओ त्यांची गाणी जवळजवळ वाजवतच नव्हता. पण हे दोन्ही त्यांनी गृहीतच धरलं होतं. जाच झाला तो आपल्याच माणसांचा. रेकॉर्ड कंपनी, रेडिओ, मोठे आयोजक, या सगळ्यांशिवाय जगण्याची व्यवस्था बँडने पाच वर्षांत उभी केली. आपल्या श्रोत्यांना 'नाही' म्हणायची सोय मात्र त्या व्यवस्थेत कुठेच नव्हती. बर्लिन सोडण्याचं कारण आमच्या मते तिथे आहे, आणि दहा वर्षांनी बँड मोडला त्याचंही मूळ बरंचसं तिथेच आहे.

नाटकातून निघालेला बँड

चौघंही विशीच्या आसपासचे. गायक आणि बहुतेक गाण्यांचा कर्ता रिओ रायझर. जन्म ९ जानेवारी १९५०, खरं नाव राल्फ म्योबियुस. 'रायझर' हे आडनाव त्याने अठराव्या शतकातल्या 'आंटोन रायझर' या कादंबरीतून उचललं. गिटारवर लानरू, बासवर काय जिष्टरमान, ड्रमवर वोल्फगांग झाइडेल.

रिओचे थोरले भाऊ 'होफमान्स कॉमिक टेआटर' नावाची नाटकमंडळी चालवत. १९६७ मध्ये याच भावंडांनी बर्लिनच्या टेआटर देस वेस्टेन्समध्ये 'रॉबिन्सन २०००' हा बीट-ऑपेरा केला आणि तो सपशेल पडला. त्यानंतर मोठं नाट्यगृह सोडून मंडळी रस्त्यावर आणि युवककेंद्रांत उतरली. तिथे 'रोटे श्टाइने' म्हणजे 'लाल दगड' नावाचा गट तयार झाला. कारखान्यांत उमेदवारी करणारी पोरं त्यात आपल्याच दिवसांची नाटकं करायची: मालक, फोरमन, बाप, घरभाडं. या नाटकांना गाणी लागत, आणि ती पोरांना पहिल्या ऐकण्यातच म्हणता यायला हवी होती.

शेर्बेनच्या गाण्यांची घडण इथली आहे. कडव्यात साध्या बोलीत सांगितलेला प्रसंग, आणि धृपद इतकं आखूड की तालमीशिवाय तीनशे माणसं एका दमात ओरडतील. त्या काळी बहुतेक जर्मन रॉक बँड इंग्रजीत गात. जर्मन गाणं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एकतर गुळगुळीत 'श्लागर' म्हणजे बाजारू गोड गाणं यायचं, नाहीतर गिटार घेऊन स्टुलावर बसलेला कवी. विजेच्या गिटारीवर बर्लिनच्या रस्त्यावरची जर्मन, तीही संतापून, हे तेव्हा जवळजवळ कोणी केलं नव्हतं. गायक उडो लिंडेनबेर्गला जर्मन भाषेतल्या रॉकवर मोठं यश मिळालं ते १९७३ मध्ये. शेर्बेनची पहिली सिंगल १९७० ची.

त्या सिंगलवरचं गाणं 'माख्ट कापुट, वास ऑइश कापुट माख्ट', म्हणजे 'जे तुम्हाला मोडतं, ते मोडून टाका'. शब्द नोर्बर्ट क्राउझे यांचे, आणि तेही मुळात नाटकासाठीच लिहिलेले.

फेमार्न, ६ सप्टेंबर १९७०

बाल्टिक समुद्रातल्या फेमार्न बेटावर ४ ते ६ सप्टेंबर १९७० असा तीन दिवसांचा महोत्सव भरला. नाव 'लव्ह अँड पीस'. प्रत्यक्षात वादळी पाऊस, व्यवस्थेच्या नावाने शून्य, आणि सुरक्षेसाठी बोलावलेल्या मोटरसायकलवाल्या टोळ्यांची दांडगाई. शेवटच्या दिवशी दुपारी जिमी हेंड्रिक्स वाजवून गेला. तो त्याच्या बँडचा अखेरचा जाहीर कार्यक्रम ठरला, १८ सप्टेंबरला तो लंडनमध्ये वारला. त्याच दिवशी हा बर्लिनचा अनोळखी बँड 'रोटे श्टाइने' याच नावाने मंचावर चढला. तोवर आयोजक गल्ला घेऊन पसार झाल्याची बातमी मैदानभर झाली होती. कलाकारांचे पैसे बुडाले होते. रिओने मंचावरून आयोजकांना ठोकून काढा असं सांगितलं, बँडने 'मोडून टाका' सुरू केलं, आणि आयोजकांच्या कार्यालयाने पेट घेतला.

बँडच्या नावाभोवतीची दंतकथा इथून सुरू होते. आमच्या विषयाच्या दृष्टीने मात्र आगीपेक्षा दोन साध्या गोष्टी महत्त्वाच्या. पहिल्याच मोठ्या कार्यक्रमाचं मानधन बुडालं, म्हणून दुसऱ्याच्या हातातल्या गल्ल्यावरचा विश्वास उडाला. आणि गाणं संपल्यावर श्रोत्यांनी लगेच काहीतरी *करायचं* असतं, हा पायंडा पडला. पुढे प्रत्येक गावात लोक याच अपेक्षेने येऊ लागले.

फेमार्ननंतर लगेच बँडने टोन श्टाइने शेर्बेन हे नाव घेतलं. माती, दगड, खापरांचे तुकडे. ट्रॉय उकरणाऱ्या हाइनरिख श्लीमानच्या वाक्यातून ते आलं असं बँडवाले सांगत. बांधकाम मजुरांच्या 'बाउ-श्टाइने-एर्डेन' या युनियनच्या नावाची चेष्टा त्यात आहे, हेही तेच सांगत.

स्वतःचं लेबल आणि त्याचं गणित

'दाविड फोल्क्समुंड प्रोडुक्त्सिओन' हे बँडचं स्वतःचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी संस्था, जर्मनीतल्या अगदी पहिल्या स्वतंत्र लेबलांपैकी एक. बोधचिन्ह गलोल; बायबलमधल्या गोलियाथ राक्षसावर दगड भिरकावणारा दाविद तो हाच. पहिली एलपी 'वारुम गेट एस मिअर झो ड्रेकिश', म्हणजे 'माझी दशा इतकी वाईट का', सप्टेंबर १९७१ मध्ये आली. तिच्यातला निम्मा भाग बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठाच्या जुन्या मेसमध्ये झालेल्या कार्यक्रमाचा आहे. आवाज फाटलेला आणि घुमणारा, पण गर्दी ऐकू येते. पुढच्या वर्षी 'काइने माख्ट फ्युअर नीमांड' ही दुहेरी एलपी आली. शब्दशः 'कोणालाच नाही सत्ता'. मुखपृष्ठावर बँडचा फोटो नाही, नुसती अक्षरं.

विक्री डाव्या पुस्तकांच्या दुकानांतून, टपालाने, आणि कार्यक्रमाच्या दारात मांडलेल्या टेबलावरून. ऐकायला हे झकास वाटतं. पण रेकॉर्डचा धंदा कसा चालतो ते एकदा पाहायला हवं.

रेकॉर्ड दाबून देणारा कारखाना पैसे आधी मागतो आणि ठरावीक संख्येखाली काम घेत नाही. कव्हर वेगळ्या छापखान्यात होतं, त्याचंही बिल आधी. घरी खोकी येऊन पडली की माल दुकानांत जातो तो बहुधा 'विकला तर पैसे' या बोलीवर. आता दुकान एखाद्या गटाचं किंवा मंडळाचं असेल, तर हिशेब ठेवणारा माणूस दर सहा महिन्यांनी बदलतो. पैसे उशिरा येतात, अर्धे येतात, कधी दुकानच बंद होतं. कॉम्रेडवर वसुलीची नोटीस बजावणार कोण? तोवर पहिली खेप संपलेली असते आणि दुसरी दाबायला रोकड नसते. म्हणजे रेकॉर्ड जितकी जास्त खपेल तितका पैसा जास्त अडकतो. लेबल मोठं असेल तर बँक किंवा वितरक मधल्या काळाची भरपाई करतो. इथे ती भरपाई करायला एकच वाट होती, कार्यक्रमांची कमाई. दुहेरी एलपीला तर माल दुप्पट आणि श्रोता उमेदवारीच्या पगारावर जगणारा; किंमत दुप्पट करता येत नाही.

आता कार्यक्रमांची कमाईही आटली, तर? नेमकं तेच झालं. त्याकडे येण्याआधी १९७१ च्या डिसेंबरातला एक आठवडा पाहावा लागतो.

३, ४ आणि ८ डिसेंबर १९७१

शुक्रवार, ३ डिसेंबर. डब्ल्यूडीआर वाहिनीवर पॉप संगीत आणि बाजार या विषयावर थेट चर्चा. बँडच्या वतीने निकेल पालाट बसला होता. तो गायचा, सॅक्सोफोन वाजवायचा आणि व्यवहारही पाहायचा. समोर होता रोल्फ-उलरिख कायझर, 'ओर' या लेबलचा माणूस. त्याची भूमिका साधारण अशी, की कंपन्यांच्या यंत्रणेतूनही वेगळं संगीत लोकांपर्यंत नेता येतं. पालाट म्हणाला, टीव्ही हे दडपशाहीचं हत्यार आहे, इथे बसून गप्पा मारल्याने काही बदलत नाही. मग त्याने बरोबर आणलेली कुऱ्हाड काढली आणि समोरच्या टेबलावर घाव घालायला सुरुवात केली. टेबल दणकट निघालं. ढलप्या उडाल्या, पण ते मोडलं नाही. दमल्यावर तो मायक्रोफोन खिशात कोंबू लागला. ते म्हणे तुरुंगातल्या पोरांना हवे होते. जर्मन टीव्हीच्या इतिहासात हे दृश्य अजून पुनःपुन्हा दाखवलं जातं. आम्हाला त्यातलं न मोडलेलं टेबल जास्त बोलकं वाटतं, पण ते असो.

शनिवार, ४ डिसेंबर. पश्चिम बर्लिनच्या शोनेबेर्ग भागात साध्या वेशातल्या पोलिसाच्या गोळीने गेओर्ग फोन राउख हा चोवीस वर्षांचा तरुण ठार झाला. तो शहरातल्या भूमिगत अराजकवादी वर्तुळातला होता. डाव्या मंडळींच्या लेखी हा सरळ खून होता.

बुधवार, ८ डिसेंबर. तांत्रिक विद्यापीठात त्याच्या मृत्यूवर सभा. सभेत शेर्बेन वाजवणार. पुढे काय करायचं याची तयारी आधीच झाली होती, आणि ती कशी झाली हे नीट पाहण्यासारखं आहे.

क्रॉयत्सबेर्गमध्ये, बर्लिनच्या भिंतीला खेटून असलेल्या मारियाननप्लाट्स चौकात, बेटानिएन नावाचं मोठं रुग्णालय होतं. १८४७ मध्ये उघडलेलं, कादंबरीकार टेओडोर फोंटानेने जिथे औषधं बनवली ते. १९७० मध्ये ते बंद पडलं. आवारातली मार्था-मारिया-हाउस ही परिचारिकांच्या निवासाची इमारत रिकामी होती. घर ताब्यात घ्यायचं तर बहुतेक जण पडीक, गळकं घर निवडतात आणि पहिल्या थंडीत पळ काढतात. इथे खोल्या होत्या, नळ होते, जिने धड होते. जागा सरकारी होती, म्हणजे कोणा खाजगी मालकाची तातडीची फिर्याद नव्हती. पुढच्या वापराबद्दल सेनेटचं, म्हणजे पश्चिम बर्लिनच्या सरकारचं, अजून ठरायचं होतं. शिवाय सरावही झालेला होता. ३ जुलै १९७१ ला याच विद्यापीठात शेर्बेनचा कार्यक्रम झाल्यावर मंडळींनी मारियाननप्लाट्सच्या भागातच एका कारखान्याचे रिकामे मजले ताब्यात घेऊन युवककेंद्र थाटलं होतं. त्यासाठी रीतसर संस्थाही नोंदवली होती. डिसेंबरात सेनेटशी बोलायला एक नाव आणि एक पत्ता आधीच होता. आवेशापेक्षा हे कागद जास्त उपयोगी पडले.

कार्यक्रम संपला, सभेतून हाळी गेली, आणि लोक तसेच मारियाननप्लाट्सकडे निघाले. एवढ्या संख्येने माणसं एकदम चौकात आली की पोलिसांपुढे दोनच वाटा उरतात: रात्री शेकडो पोरांशी झुंज, नाहीतर दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबणं. चौक पोलिसांनी भरला, घोषणा झाल्या, पण इमारत त्या रात्री रिकामी करवली गेली नाही. इमारतीला गेओर्ग-फोन-राउख-हाउस असं नाव मिळालं. घरातून पळालेली, सुधारगृहातून निसटलेली आणि उमेदवारी करणारी पोरं तिथे राहू लागली. सेनेटने वाटाघाटी करून राहण्याची मुभा दिली.

१९ एप्रिल १९७२ ला पोलिसांनी मोठा छापा घातला. वृत्तपत्रांत बॉम्बच्या कारखान्याची भाषा झाली. बँडने त्याच वर्षी 'राउख-हाउस-सॉन्ग' केलं. ते गाणं म्हणजे या प्रकरणाचा अहवालच आहे: चौक पोलिसांनी कसा निळा झाला, सेनेटर कसा चिडला, मोठेपणा दाखवत पोरांना 'तूर्त' कसं राहू दिलं, आणि चार महिन्यांनी दारूच्या दहा रिकाम्या बाटल्या पुरावा म्हणून कशा निघाल्या. धृपदात एकच निर्धार: हे आमचं घर, तुम्ही आम्हाला बाहेर काढू शकत नाही, त्यापेक्षा क्रॉयत्सबेर्गमधल्या बिल्डरांना काढा. बिल्डरांची आडनावं सरळ गाण्यात आहेत. त्यांना आज कोणी ओळखत नाही, तरी गर्दी ती नावं अजून तशीच म्हणते.

राउख-हाउस आजही स्वयंशासित निवास म्हणून चालू आहे. बँडपेक्षा ते जास्त टिकलं.

यशाचं बिल

यानंतर बँडला येणारी बोलावणी बदलली. हानोव्हर असो की दक्षिणेतलं एखादं लहान गाव, आयोजकाच्या डोळ्यांपुढे ८ डिसेंबर असायचा. युवककेंद्रासाठी, पकडलेल्या साथीदारांच्या वकिलासाठी, घरभाडेविरोधी समितीसाठी वाजवा. आणि अर्थातच फुकट, कारण 'सत्ता कोणालाच नको' म्हणणारे मानधन कसे मागतील? तिकीट ठेवलं तर दारात भांडण, कधी गर्दी सरळ दार लोटून आत.

हिशेब मांडून पाहा. पश्चिम बर्लिन म्हणजे पूर्व जर्मनीच्या पोटातलं बेट. पश्चिम जर्मनीत कुठेही वाजवायचं तर आधी पूर्व जर्मनीतून जाणारा ठरलेला महामार्ग, दोन्ही टोकांना तपासणी. जाऊन-येऊन दोन दिवस गेलेच. पेट्रोल, ध्वनियंत्रणा, तुटणाऱ्या तारा, जळणारे अ‍ॅम्प्लिफायर, आणि बरोबरच्या मित्रमंडळींसह दहा-बारा माणसांचं जेवण. कार्यक्रम फुकट असला तरी यातलं काहीच फुकट मिळत नाही. एखाद्या महिन्यात असा एक कार्यक्रम सोसतो. सगळेच तसे असतील तर प्रत्येक यशस्वी दौरा कर्ज वाढवून परत येतो, आणि लेबलला जी रोकड हवी असते तीच इथे संपते. वर टेबलावर ठेवलेल्या रेकॉर्डी 'जनतेच्या' म्हणून उचलल्या जातात ते वेगळंच.

घरही सुटलं नव्हतं. बँड राहायचा लांडवेअर कालव्याच्या काठी, टेम्पलहोफर उफर ३२ इथे. सगळे त्याला 'टे-उफर' म्हणत. दार कोणालाच बंद नाही, असा तिथला रिवाज. पळून आलेली पोरं, परगावचे पाहुणे, कोणाच्या तरी ओळखीचा कोणीतरी. पोलिसांना हवी असलेली माणसं इथे सापडतील या संशयावरून छापे. तालीम कधी करायची, झोपायचं कधी, नवं गाणं कुठे लिहायचं? १९७३ मध्ये त्यांनी ब्रेमेनच्या वादक प्राण्यांची गोष्ट घेऊन मुलांसाठी एक रेकॉर्ड केली. त्या धबडग्यात ती कशी जमली याचंच आश्चर्य वाटतं.

आणि तिसरी गोष्ट, पैशांहून नाजूक. रिओ समलिंगी होता. पश्चिम जर्मनीत प्रौढ पुरुषांमधले असे संबंध १९६९ पर्यंत कलम १७५ खाली गुन्हा होते. त्यानंतर कलम सैल झालं, पण पूर्ण रद्द व्हायला १९९४ उजाडलं. डाव्या गटांमध्ये कायद्याचा धाक नसला तरी त्या विषयाला जागाही नव्हती. कामगार कसा असावा, त्याने कोणतं गाणं म्हणावं, हे ठरलेलं होतं. प्रेमाचं गाणं म्हणजे ढिलाई. १९७२ च्या एलपीत, सगळ्या रणगर्जनांच्या शेजारी, 'कोम श्लाफ बाय मिअर', 'ये, माझ्याजवळ नीज' हे गाणं आहे. पण कार्यक्रमात मागणी व्हायची ती 'मोडून टाका'ची. स्वतःचंच गाणं दर रात्री हुकमावरून म्हणायचं, यात गायक किती दिवस टिकेल?

१९७५ ची दुहेरी एलपी 'वेन डी नाख्ट आम टीफ्स्टेन' हे याचं उत्तर होतं. घोषणा कमी, पियानो जास्त, गाणी लांब आणि आतल्या आवाजातली. 'हाल्ट डिश आन डायनर लीबे फेस्ट', म्हणजे 'आपल्या प्रेमाला धरून राहा', याच रेकॉर्डवरचं. आज बँडचं हे सर्वांत जास्त गायलं जाणारं गाणं असेल. तेव्हा अनेकांनी बँड बिघडला असा निकाल दिला. त्याच वर्षी मंडळींनी सामान बांधलं.

फ्रेझेनहागेनने काय सुटलं, काय नाही

दारावरची वर्दळ थांबली. हा पहिला आणि खरा फायदा. बर्लिनहून फ्रेझेनहागेनला 'सहज' कोणी टपकत नाही. रिओला मोकळेपणाने जगता आलं. हॅम्बुर्गच्या 'ब्र्यूवार्म' या समलिंगी नाटकमंडळीबरोबर बँडने दोन रेकॉर्डी केल्या, १९७७ ची 'मानश्टोल' आणि १९७९ ची 'एन्टार्टेट'. या मंडळीतला कॉर्नी लिटमान पुढे सेंट पाउली फुटबॉल क्लबचा अध्यक्ष झाला. शेतघरातल्या बायकांनी तिथेच 'कारांबोलाज' हा स्वतःचा बँड काढला. शेतघरात संगीत भरपूर होत होतं, हे खरं.

पण शेर्बेनच्या नावावर १९७५ नंतर थेट १९८१ पर्यंत एलपी नाही. सहा वर्षं. लेबल स्वतःचं असलं की हा धोका असतो: तारीख ठरवणारं बाहेरचं कोणी नसतं, आणि जुना माल विकून मिळणाऱ्या पैशावर घर, छप्पर, गाडी आणि डझनभर माणसं चालवावी लागतात. सामुदायिक घरात 'आपण सगळे बँड' ही कल्पना गोड असते. वाजवणारे किती आणि खाणारे किती, याचा ताळा मात्र कोणी मांडायचा नसतो.

१९८१ मध्ये आलेल्या दुहेरी 'फिअर'ला, म्हणजे 'चार'ला, काळ्या कव्हरमुळे लोक 'काळी' म्हणतात. तिची गाणी टॅरोच्या, म्हणजे भविष्य सांगण्याच्या पत्त्यांच्या, आधाराने रचलेली, गूढ आणि विखुरलेली आहेत. आमच्या मते बँडचं सर्वांत धाडसी काम हेच. बाजारात मात्र ती वेळ चुकली. त्याच सुमारास बर्लिनमध्ये घरं ताब्यात घेण्याची दुसरी, मोठी लाट आली होती. नव्या पोरांच्या तोंडी शेर्बेनचीच गाणी होती, पण दहा वर्षांपूर्वीची.

१९८२ मध्ये क्लाउडिया रोट ही नाट्यक्षेत्रातून आलेली तरुणी बँडची व्यवस्थापक झाली. तिने कार्यक्रमांना करार, तारखा आणि मानधन यांची शिस्त लावायचा प्रयत्न केला. हे १९७२ मध्ये झालं असतं तर? पण तेव्हा असा माणूस त्या घरात टिकलाच नसता. १९८३ ची 'शेर्बेन' ही एलपी निर्मितीच्या दृष्टीने सफाईदार आहे, दौरेही झाले. तोवर कर्जाचं व्याज मिळकतीच्या पुढे पळत होतं. १९८५ मध्ये बँड मोडला. रोट ग्रीन पक्षात गेली, पुढे बुंडेस्टागची म्हणजे जर्मन संसदेची उपाध्यक्ष आणि नंतर संघराज्य सरकारात संस्कृतीची राज्यमंत्री झाली.

नंतरची वसुली

रिओने सीबीएस या मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी एकट्याने करार केला. कर्ज हे त्यामागचं उघड कारण होतं. १९८६ च्या पहिल्याच एलपीवरचं 'क्योनिश फोन डॉइचलांड', 'जर्मनीचा राजा', हे गाणं देशभर गाजलं. ते रचलं होतं शेर्बेनच्या काळात. जे गाणं स्वतःचं लेबल असताना वर्षानुवर्षं पडून राहिलं, ते मोठ्या कंपनीच्या वितरणाने एका हंगामात घराघरांत पोचलं. कायझरने टीव्हीवरच्या त्या टेबलापलीकडून मांडलेला मुद्दा असा उलट्या वाटेने पुरा झाला. जुन्या चाहत्यांनी पुन्हा गद्दारीची आरोळी ठोकली. मजा अशी की फुकट तिकिटं मागणारेही यांतलेच होते.

ऑक्टोबर १९८८ मध्ये रिओने पूर्व बर्लिनच्या वेर्नर-झेलेनबिंडर सभागृहात गाणी म्हटली. १९७२ चं 'डेर ट्राउम इस्ट आउस', 'स्वप्न संपलं', त्यात होतं. स्वप्न खरं झालेला एखादा देश पृथ्वीवर आहे का, असं गाणं विचारतं, आणि पुढे म्हणतं की एवढं नक्की ठाऊक आहे, हा देश तो नाही. पश्चिमेला उद्देशून लिहिलेली ती ओळ पूर्वेकडच्या श्रोत्यांनी अशी काही उचलली, की पूर्व जर्मन प्रसारणात ते गाणं आलंच नाही. इथे श्रोत्यांनी गाणं पुन्हा एकदा आपलं करून टाकलं, आणि या खेपेला गायकाला त्याचा भुर्दंड पडला नाही.

२० ऑगस्ट १९९६ ला रिओ फ्रेझेनहागेनमध्येच वारला, सेहेचाळिसाव्या वर्षी. राज्य सरकारची खास परवानगी घेऊन त्याला शेतघराच्या आवारात पुरलं. भावांनी घर स्मारक म्हणून चालवून पाहिलं, पण खर्च झेपला नाही आणि घर विकावं लागलं. फेब्रुवारी २०११ मध्ये त्याचे अवशेष उकरून बर्लिनच्या शोनेबेर्गमधल्या जुन्या सेंट माथेउस दफनभूमीत नेण्यात आले. ऑगस्ट २०२२ मध्ये क्रॉयत्सबेर्गमधल्या हाइनरिखप्लाट्स चौकाचं नाव बदलून रिओ-रायझर-प्लाट्स करण्यात आलं.